कोन कुठून मोजायचा

माझी पहिली नोकरी ज्या खोलीत होती तिच्या दाराबाहेर चपला काढाव्या लागत. आत कॉम्प्युटर होता. डिचोलीजवळच्या त्या खाणीवर माणसांच्या नाकातोंडात, डब्यात, केसांच्या मुळात लाल धूळ जाई आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. पण कॉम्प्युटरवर ती बसू नये म्हणून त्याला थंडगार खोली होती, पडदे होते आणि रोज सकाळी पुसणारा माणूस होता. मी त्याच्यासमोर बसायची म्हणून थोडा गारवा माझ्याही वाट्याला येई.

गोवा राज्य होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. ऑफिसच्या पाटीवर कोकणी असावी की मराठी, यावर जेवणाच्या सुट्टीत अजून तोंडं वाजत, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं एकाच बोलीत भांडत. मी पेडण्याची, पार्शातली. घरात बोलायचो ते एक, पेपरात वाचायचो ते दुसरं आणि पणजीला कॉम्प्युटरच्या कोर्सात शिकले ते तिसरं. कशाला काय म्हणायचं यावर माणसं इतकी का चिडतात हे मला कळत नसे. ते कळायला त्या वर्षीचा मे महिना उजाडावा लागला.

राहायला मी बायकडे होते. बाय म्हणजे माझी मोठी बहीण. तिचं सासर खाणीपासून जवळच, नार्व्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लहान वाड्यावर. घरात बाय, तिचं तान्हं बाळ, भावजी आणि तिची सासू. सासूला सगळा वाडा मांय म्हणे, मीही मांयच म्हणत असे. भावजी खाणीवरच ट्रक चालवत. घर वाड्याच्या अगदी शेवटाला होतं, आणि स्वयंपाकघराच्या जनेलातून समोर जे दिसायचं त्याला आम्ही डोंगर म्हणायचो. तो डोंगर नव्हता. खनिज काढताना वरची जी माती निघते ती वर्षानुवर्षं ओतून झालेला ढीग होता तो, खाणीच्या भाषेत डंप. बायचं लग्न झालं तेव्हा तो माडाच्या उंचीचा होता. मी तिथे राहायला गेले तेव्हा त्याच्यामागचं आभाळ बघायला मान वर करावी लागे.

या डंपावर खुंट्या ठोकलेल्या होत्या. आमचे सर्व्हेयर साहेब आठवड्याला माणसं घेऊन जात आणि दुर्बिणीतून प्रत्येक खुंटीची जागा मोजून आणत. ते आकडे मी कॉम्प्युटरला देई. प्रोग्राम मागच्या आठवड्याची जागा आणि या आठवड्याची जागा यांची तुलना करी आणि दोन आकडे छापून देई: खुंटी किती सरकली, आणि कोणत्या कोनात सरकली. बरीच वर्षं कुठलीही खुंटी सरकलीच नव्हती. जी सरकलीच नाही तिचा कोन कोण बघतो? त्यामुळे तो दुसरा रकाना कागदावर नुसता शोभेला असे.

मे महिन्यात खुंट्या सरकू लागल्या.

फार नाही, बोटभर. पण सगळ्या, आणि सगळ्या एकाच कोनात. तो आकडा होता दोनशे नव्वदच्या आसपास. साहेब सावंतवाडीकडचे, चाळीस वर्षं दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस. त्यांनी कागद बघितला, नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले की काळजी नाही, डंप खाणीच्या खड्ड्याकडे कलतोय, वाड्याला त्याचा त्रास नाही. सर्व्हेयर लोक कोन उत्तरेपासून मोजतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. नव्वद म्हणजे पूर्व, एकशेऐंशी म्हणजे दक्षिण, दोनशे सत्तर पश्चिम. दोनशे नव्वद म्हणजे पश्चिमेच्या जरा वर, बरोबर खड्ड्यात. त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

ती बातमी भावजींनी घरी आणली. तरी मांयच्या जिवाला घोर लागलाच. तिने भावजींना देवळात पिटाळलं आणि प्रसाद लावून घेतला. आमच्याकडे अडीअडचणीला देवाचा कौल घेतात तो असा: देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि मग कुठली पाकळी आधी पडते ते बघत बसायचं. उजवी पडली तर होकार. मीही गेले होते. गुरव अगदी स्पष्ट सांगत होता, "देवा म्हाराजा, डोंगर खाणीच्या अंगान चल्ला अशें सायब सांगता. तुज्या लेकरांनी घरांतच रावचें जाल्यार तुज्या उजव्या हातची कळी दी." डोंगर खाणीकडे चाललाय असं साहेब सांगतात, तेव्हा लेकरांनी घरातच राहायचं असेल तर पाकळी दे, ती देवाच्या उजव्या हाताची. बघणाऱ्याच्या नव्हे. समोर उभ्या राहिलेल्या माणसाची डावी ती देवाची उजवी, आणि यात घोळ होऊ नये म्हणून गुरव दर वेळी ते म्हणून घेतो. पाकळी उजवी पडली. मांयने पदर डोळ्यांना लावला. परत येताना तिने पोदेराकडून पाव घेतले आणि त्या दिवशी आम्ही सगळे पोटभर जेवलो. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं होतं, खोटं का सांगू.

आठवड्याभरात साहेबांनी मला सांगितलं की आता कागद मोठ्या साहेबांपुढे जाणार, जरा नीटनेटका छापून दे, रकान्यांना मथळे घाल. मथळे घालायचे तर प्रोग्राम उघडावा लागणार. तो मी लिहिला नव्हता. माझ्या आधीच्या इंजिनियरने लिहिला होता, आणि तो बहारीनला निघून गेला होता. काम चालत होतं म्हणून मी कधी आत डोकावले नव्हते.

आत बघितलं आणि डोकं गरगरलं. प्रोग्रामच्या त्या भाषेत आकड्याला द्यायचं नाव सहा अक्षरांपेक्षा मोठं चालत नसे हे मान्य, पण या माणसाला सहासुद्धा जड झाली होती. एका कोनाला त्याने नुसतं 'अँग' म्हटलं होतं. दुसऱ्याला 'अँग वन'. तिसऱ्या एकाला 'डिर'. तो तर कोनही नव्हता, कधी एक असे, कधी उणे एक. खुंटी डावीकडे वळली की उजवीकडे, एवढंच त्यातून कळायचं. पण कोणाची डावी? कुठे तोंड करून उभं राहिल्यावर? आमचा गुरव बरा, मला वाटलं. तो निदान सांगून तरी मोकळा होतो.

मग मी 'अँग' कसा काढलाय ते बघितलं. शाळेत भूमितीत कोन शिकवतात तो पूर्वेपासून. आडवी रेघ उजवीकडे, तिथे शून्य, आणि तिथून घड्याळाच्या उलट फिरत जायचं. नव्वदला उत्तर, एकशेऐंशीला पश्चिम, दोनशे सत्तरला दक्षिण. कॉम्प्युटरमधलं गणितही तसंच मोजतं. त्या इंजिनियरने गणिताकडून कोन घेतला होता आणि तसाच छापला होता. निदान मला तसं दिसत होतं. आणि तसं असेल तर दोनशे नव्वद म्हणजे दक्षिण ओलांडून जरासं पुढे. नकाशा बघायची गरज नव्हती. डंपाच्या दक्षिणेला जरासं पुढे स्वयंपाकघराचं जनेल होतं.

पण नक्की तसंच होतं का, हे सांगता येईना. प्रोग्रामात खुंटीच्या जागेचे दोन आकडे होते, एकाचं नाव एक्स, दुसऱ्याचं वाय. शाळेत एक्स म्हणजे आडवा, पूर्वेकडे जाणारा. पण काही सर्व्हेयर उत्तरेचा आकडा आधी लिहितात आणि त्यालाच एक्स म्हणतात. तसं असेल तर सगळं उलटतं आणि छापलेला कोन साहेब म्हणतात तसाच उत्तरेपासूनचा ठरतो. बरोबर ठरतो. एक्स आणि वाय कोणते, हे त्या इंजिनियरच्या डोक्यात होतं आणि ते डोकं बहारीनला होतं. चार अक्षरं जास्त खर्च केली असती तर त्याच्या बापाचं काय जात होतं, असं मी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाले. पुसणाऱ्या माणसाने दारातून डोकावून बघितलं.

साहेबांना सरळ विचारलं तर ते म्हणाले की आकडे त्या इंजिनियरनेच कॉम्प्युटरला घालायला शिकवले, त्याने सांगितलेल्या क्रमाने ते लिहून देतात, कॉम्प्युटर त्यातला कोणता एक्स धरतो ते त्यांना ठाऊक नाही, आणि इतकी वर्षं चाललंय ते नीटच असणार. जे चालतंय त्याला हात लावू नकोस. त्यांचं चुकत होतं असं नाही. माझ्याकडे दाखवायला काय होतं? एक शंका. त्या शंकेवर वाडा हलवायचा? आणि शंका खोटी निघाली तर? भावजींचा ट्रक खाणीवर, माझी नोकरी खाणीवर, आणि मी सांगत फिरणार की डोंगर आपल्या अंगावर येतोय. शंका खरी निघाली आणि मी गप्प राहिले तर, हा विचार मी पुरता करतच नसे. मध्येच उठून पाणी प्यायला जाई.

त्या दिवसांत मला घरात बसवेना. भात वाढताना माझी नजर जनेलाकडे जाई. बाय बाळाला मागच्या पडवीत न्हाऊ घाली, तिथून डंप दगड मारला तर लागेल इतका जवळ. मी तिला उगाच सांगे की पडवीत वारं लागतं, पुढच्या खोलीत न्हाऊ घाल. ती हसे, म्हणे की लग्न झालं नाही आणि हिला बाळंतपणातलं जास्त कळतं. माती अगदी शांत होती. सरकतेय म्हणून सांगूनही पटलं नसतं अशी शांत.

मला सुचलं ते बसमधून उतरताना. रोज सकाळी ऑफिसच्या फाटकाशी उतरलं की डोळ्यांवर ऊन येई, कारण सूर्य समोरच्या देवळाच्या कळसामागून वर येत असे. मी रोज हाताचा आडोसा करून फाटकात शिरायची. त्या दिवशी मी तशीच रस्त्यात थांबले. कळस पूर्वेला आहे. ऑफिसच्या बरोबर पूर्वेला. आणि कळसाची जागा कॉम्प्युटरमध्ये आहे, कारण सर्व्हेयर लोक हलणार नाहीत अशा खुणा धरून चालतात: इथे कळस, तिथे एखाद्या फिरंगी चर्चचा क्रूस, आणि ऑफिसच्या गच्चीवरचा खिळा. सगळ्यांच्या जागा प्रोग्रामात होत्या.

मी प्रोग्रामला सांगितलं की समज, एक खुंटी काल ऑफिसच्या गच्चीवर होती आणि आज ती देवळाच्या कळसावर आहे. सांग, कोणत्या कोनात सरकली? साहेबांचं बरोबर असेल तर नव्वद यायला हवे. उत्तरेपासून मोजल्यावर पूर्व नव्वदलाच असते. मी देवाला हात जोडले की नव्वद छाप. प्रिंटरचं डोकं खरखरत कागदावरून गेलं आणि त्याने छापलं शून्य. पुढे काही किरकोळ अपूर्णांक, पण शून्य.

शून्य म्हणजे पूर्वेपासून मोजलेला कोन. शून्य म्हणजे दोनशे नव्वद खड्ड्याकडे नाही.

मी तो कागद फाडून घेतला आणि अनवाणीच साहेबांच्या खोलीत गेले. मी काय बोलले ते आठवत नाही. बहुधा सगळं उलटसुलट बोलले असेन, कारण साहेबांनी मला खुर्चीत बसवलं, कागद हातात घेतला आणि कळसाचं नाव वाचून खिडकीतून कळसाकडेच बघितलं. हातच्या काकणाला आरसा कशाला लागतो? चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ धोतराच्या सोग्याला पुसावा तसा शर्टाच्या टोकाला पुसला. मग कागद माझ्यापुढे ठेवून त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो त्यांच्या घरच्या बोलीत विचारला.

"ह्यो कोन खयसून मोजलेलो?"

"पूर्वेकडसून," मी म्हटलं. "सगळेच."

ते उठले आणि मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. ते स्वतःवर चिडले होते की माझ्यावर, कळलं नाही, पण त्यांनी वाट बघितली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. दुपारपर्यंत ठरलं की वाड्यावरच्या कडेच्या घरांनी पावसाआधी जागा सोडावी. खाण डिचोलीत खोल्या बघून देईल.

घरी मात्र घोडं अडलं. बायने बाळाला छातीशी धरलं. आणि मांय म्हणाली की देवाने उजवी दिली आहे, ती हलणार नाही. मी नकाशा काढून बघितला, गोल काढून बघितला, शाळेतला कोन आणि साहेबांचा कोन समजावला. पालथ्या घड्यावर पाणी. तिला त्या गोलाशी काही देणंघेणं नव्हतं. शेवटी मला रडू यायला लागलं आणि मी समजावणं सोडून दिलं. मी एवढंच म्हटलं की मांय, देवाचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी गाऱ्हाण्यात गुरवाने काय सांगितलं ते आठव.

ती जनेलाकडे तोंड करून बसली. चूल विझत आली होती. मग ती तोंड न वळवता बोलली.

"देवाक आमीच सांगलें, डोंगर खाणीकडे चल्ला म्हणून. तो बापडो आमी सांगता तांतल्यानच जाप दिता. चूक दिशा आमीच दिली गो ताका." आपण जे सांगतो त्यातूनच देव उत्तर देतो, असं तिचं म्हणणं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आतां नीट सांग माका. खंयसावन खंय?"

कुठून कुठे. मी उठले, जनेलापाशी गेले आणि हाताने दाखवलं. तिथून. इथे. तिने मान डोलावली आणि देव्हाऱ्यातले देव उचलायला गेली.

डंप श्रावणात आला, एका दुपारी. आवाज झाला तो मोठ्या ट्रकाने माती ओतावी तसाच, त्यामुळे रस्त्यावरच्या लोकांनी आधी लक्षही दिलं नाही. गोठा गेला, पडवी गेली, आणि स्वयंपाकघर जनेलाच्या चौकटीपर्यंत भरलं. घरात माणूस नव्हतं. साहेब स्वतः बघायला गेले आणि परत येऊन मला म्हणाले की प्रोग्रामातली सगळी नावं बदलून टाक, वाटेल तितका वेळ घे. मी बदलली. उत्तरेपासूनच्या कोनाच्या नावात उत्तर आली, पूर्वेपासूनच्या नावात पूर्व. डावं-उजवं कुठे तोंड करून, तेही आलं. सहा अक्षरांत ते बसवायला मी जितकी झगडले तितकी नंतर कशासाठी झगडले नसेन. त्यानंतरच्या सगळ्या नोकऱ्यांत माझ्या हाताखालची मुलं माझ्या लांबलचक नावांना हसत आली आहेत. हसू देत.

पण मी हे लिहायला बसले ते त्या नावांसाठी नाही. डिचोलीत बाजाराच्या मागे खाणीने दिलेली ती एक खोली होती. चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या भिंती, वर पत्रा, आणि आभाळ बघायचं तर गल्लीच्या तोंडापर्यंत जावं लागे. सामान लावून झालं, बाळ झोपलं, आणि मांय देवांचं गाठोडं मांडीवर घेऊन खोलीच्या मध्यभागी तशीच बसून राहिली. चाळीस वर्षं ज्या घरात तिने दिवा लावला तिथे तिला हे कधी विचारावं लागलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. घरात दिशांमधली शहाणी मीच ठरले होते ना.

"हांगा उदेंत खंय गो?" तिने विचारलं. पूर्व कुठे.

मी हात उचलला. एका भिंतीकडे नेला, मग दुसरीकडे. आणि मला खात्री देता येईना. मी तिला थांब म्हटलं, चपला घातल्या आणि गल्लीच्या तोंडाशी सूर्य शोधायला गेले. मी परत येईपर्यंत ती गाठोडं मांडीवर घेऊन तशीच बसली होती.